मिठाचं रिंगण

सकाळी ड्यूटीला निघाले तेव्हा शेजारच्या पुष्पांजलीनं पोरीला दंडाला धरून घरात ओढलं आणि दार लावून घेतलं. एवढंच झालं. दार आपटलंसुद्धा नाही, नकोसा पाहुणा दिसला की लावतात तसं हळूच लावलं. रेणू ओट्यावर बसून चहात टोस्ट बुडवत होती. मला बघून तिनं नेहमीसारखा 'मावशी' म्हणत हात वर केला होता आणि तो हात तसाच वरच्या वर आत गेला. पोरीच्या गालावर ठसठशीत काजळाचा ठिपका होता, कालपर्यंत नव्हता. मी गाडीची किल्ली हातात घेऊन उभी राहिले. ही पोर जन्मली तेव्हा दवाखान्यातून घरी येताना रिक्षात माझ्या मांडीवर होती. पुष्पांजलीला मळमळत होतं आणि तिची सासू मनकर्णाबाई पिशव्या सांभाळत होती, म्हणून पोर माझ्याकडे. चार वर्षं झाली त्याला. आणि आज मला बघून काजळ. मला राग यायला हवा होता, पण राग यायलाही अंगात थोडी ताकद लागते. मी गाडी सुरू केली आणि दवाखान्यात आले.

चिखलीतल्या एका खाजगी दवाखान्यात मी एक्स-रे काढते. सतरा-अठरा वर्षं तेच. खोली तीच, भिंतीचा हिरवा रंग तोच आणि वाक्यंही तीच. इकडे तोंड करा, हनुवटी वर, श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. कधीकधी रात्री स्वप्नातही मी कुणाला तरी श्वास रोखायला सांगते आणि 'सोडा' म्हणायचं विसरते. बाजार समितीतले हमाल येतात, सोयाबीनच्या धुळीनं छाती भरलेले. मोटारसायकलवरून पडलेली पोरं येतात, गुडघे धरून म्हाताऱ्या येतात. सगळ्यांच्या आत सारखंच असतं हे मी इतकं पाहिलंय की आता बाहेरचं बघायचा कंटाळा येतो. संध्याकाळी घरी गेलं की आई, आणि दीड वर्षापूर्वीपर्यंत अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील, शंकरराव मास्तर. अर्धांगानं पडले ते उठले नाहीत. त्यांना कूस बदलवणं, पुसणं, भरवणं हे सगळं माझ्याकडे होतं. लग्न मोडून घरी आलेली मुलगी अशा वेळी सगळ्यांनाच सोयीची पडते. ते गेले आणि त्यानंतर माझी झोप गेली. माणूस म्हणेल, आता तर मोकळी झालीस, झोप की! पण रात्री दर दोन तासांनी मी उठून बसायची. कूस बदलायला कुणीच नसायचं.

तशा एका रात्री मोबाइलवर ती बाई दिसली. पावसाळी, हिरव्यागार कुठल्यातरी देशातली, पांढऱ्या केसांची, मांडीवर मांजर घेतलेली. नवशिक्यांसाठी विक्का, असा तिचा वर्ग होता. विक्का म्हणजे चंद्र, ऋतू, माती-पाणी-वारा-अग्नी यांना मानणारा तिकडचा एक धर्म, आणि तो पाळणाऱ्या बायका स्वतःला विच म्हणवतात. चेटकीण. अगदी हसत, अभिमानानं म्हणवतात. मी बौद्धाच्या घरात वाढलेली. अण्णांनी बावीस प्रतिज्ञा आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ करून घेतल्या होत्या. अंगारे, गंडे, दोरे या शब्दांनीसुद्धा त्यांचं तोंड कडू व्हायचं. तेव्हा मी ते बंद करायला पाहिजे होतं. पण ती बाई म्हणाली, 'तुम्ही थकलेल्या आहात ना? आधी बसा.' बस, एवढंच. कित्येक वर्षांत मला कुणी बसा म्हणालं नव्हतं. मीच सगळ्यांना म्हणायची, आणि तेही एक्स-रेसाठी.

मग मी शिकायला लागले. काय तो थाट! पूर्वेला हवा, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी, उत्तरेला माती. मध्ये आपण, भोवती मिठाचं रिंगण. एक सुरी लागते, कापायला नाही, नुसती हवेत दिशा दाखवायला. मी भाजीची सुरी घेतली, तिला लसणाचा वास यायचा. ओकच्या झाडाची काडी सांगितली होती, इथं बाभूळ आणि कडुलिंब. त्यांचा फेब्रुवारीतला सण म्हणजे बर्फ वितळायला लागतं, मेंढ्यांना पान्हा फुटतो. आमच्याकडे फेब्रुवारीत हरभरा सोंगून होतो आणि उन्हाचा पहिला चटका बसतो. मी बर्फाची कल्पना करायला डोळे मिटायची आणि खालून कांद्याच्या टेम्पोचा भोंगा ऐकू यायचा. हसू यायचं. नवीन शिकणारी प्रत्येक बाई विचारते म्हणे, याचा काही उपयोग आहे का? मीही स्वतःला विचारलं. विश्वास म्हणाल तर माझा त्यावर काडीचा नव्हता. चंद्र हा एक दगड आहे हे अण्णांनीच शिकवलं होतं. पण त्या रिंगणात बसलं की कुणी हाक मारत नव्हतं. मारली तरी उठायचं नाही, असा नियम होता. माझ्या आयुष्यात कुणी मला न उठण्याचा नियम दिला नव्हता. आणि त्या रात्री मी झोपायची, चांगली पहाटेपर्यंत. उपयोग विचारला तर एवढा. त्यासाठी चेटकीण व्हावं लागतं का, हे मात्र मी विचारलं नाही.

विचारायला हवं होतं, कारण आमच्या घरात हा शब्द कुणी उच्चारत नाही. अण्णांची आत्या होती, चांगुणा. गावाकडे एकटी राहायची, विधवा, हातभर शेतीचा तुकडा. कुणाची म्हैस मेली, मग कुणाचं पोर तापलं, आणि बोट हिच्याकडे गेलं. ही करणी करते. पारावर बोलावून 'काढ तुझी करणी' म्हणाले. ती म्हणाली, मले काही येत नाही. पुन्हा म्हणाले, पुन्हा तेच. ती एवढंच म्हणत राहिली. मग त्यांनी तिचे पुढचे दात पाडले, म्हणजे मंत्र म्हणता येऊ नये. अण्णा तिला बैलगाडीत घालून चिखलीला घेऊन आले आणि आमचं गाव कायमचं सुटलं. मला ती आठवते ती तोंडावर पदर धरून बोलणारी, भाकरी दुधात कुस्करून खाणारी. मला, सारिकाला, खेळवताना म्हणायची, 'सारे, मले खरंच काही येत नव्हतं वं.' पाच वर्षांच्या पोरीला ती साक्षीदार करत होती. आई मग तिला आत घेऊन जायची. आणि आता तिच्याच भाच्याची लेक मोबाइलवर वर्ग लावून तेच शिकत होती. तिकडच्या बाईला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, हा शब्द आपण परत मिळवायचा आहे. मिळवा बापा. तुमचे दात जागेवर आहेत.

परवाच्या माघ पौर्णिमेला गोंधळ झाला. आई दर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात वंदनेला जाते. अण्णा गेल्यापासून मी गेले नव्हते आणि ते तिला लागायचं. बोलायची नाही, नुसती माझी पांढरी साडी घडी घालून खाटेवर ठेवायची आणि परत आली की उचलून कपाटात ठेवायची. त्या दिवशी ती गेल्यावर मी गच्चीवर गेले. अंगात स्वच्छ पांढरा कुडता, समोर स्टुलावर मेणबत्ती, उदबत्ती, पाण्याचा वाडगा, चाफ्याची दोन फुलं. चंद्र पाण्याच्या टाकीमागून नुकताच वर आला होता. डोळे मिटून बसले होते तर मागून पावलं वाजली. आई लवकर परतली होती. आता विचारेल, हे काय, हे मीठ काय, सुरी काय. पण तिनं मीठ बघितलंच नाही. मेणबत्ती बघितली, पांढरा कुडता बघितला, पौर्णिमेचा चंद्र बघितला. आणि रिंगणात माझ्या शेजारी गुडघ्यांवर हात देत देत बसली, हात जोडले आणि त्रिसरण म्हणू लागली. संपल्यावर माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, 'तुह्या अण्णाले किती बरं वाटलं असतं वं.' मीठ तिच्या पांढऱ्या साडीला लागलं होतं, ते तिनं धूळ समजून झटकलं. दुसऱ्या दिवशी तिनं विहारातल्या सगळ्या बायकांना सांगितलं की माझी सारिका घरीच वंदना करते, ध्यान करते. त्या आनंदात तिनं खीर केली. मला ती खीर गिळताना जड गेली, पण खाल्ली.

पुष्पांजलीची गच्ची आमच्या गच्चीला लागून आहे. वाळत घातलेले कपडे काढायला ती आली असणार आणि तिनं आई येण्याआधीचं पाहिलं असणार. सुरी हवेत फिरवणं, मिठाची रेघ, ओठातलं पुटपुटणं. तिला पांढरं काही दिसलं नसेल, सुरीच दिसली असेल. ज्याला जे ओळखीचं ते दिसतं. दवाखान्यात बसून मी दुपारपर्यंत हेच घोकत होते. मनकर्णाबाईच्या घरचं माणूस आमच्याकडे कधी चहा प्यायलं नाही. उपास असतो, आत्ताच झाला, नंतर येतो. आईला कारण ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. तरी आईनं भाजीच्या वाट्या भिंतीवरून द्यायचं सोडलं नाही. एवढ्या वर्षांनी कुठे रेणूमुळे ती भिंत थोडी खाली आली होती. आता मी जाऊन काय सांगणार होते? की ते विक्का आहे? मग ते काय असतं, तर चेटूक, पण चांगलं. छान. भर चौकात ओरडून सांगावं.

दुपारी जेवणाचा डबा उघडला आणि बाहेर रडणं ऐकू आलं. आवाज ओळखीचा. पुष्पांजली रेणूला छातीशी धरून उभी होती, पोरीचा उजवा हात मनगटाच्या वर सुजलेला, वाकडा. जिन्यावरून पडली होती. मागं मनकर्णाबाई. सकाळी हिची नजर पडली आणि दुपारी हात मोडला, हे गणित दोघींच्या तोंडावर सरळ लिहिलं होतं. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली म्हणून त्या माझ्या दारात आल्या होत्या. मला तिथं बघून पुष्पांजली एक पाऊल मागं सरकली.

'चाल बाहेर,' मनकर्णाबाई सुनेला म्हणाली, मला ऐकू येईल अशा बेतानं. 'ज्यानं केलं त्याच्याच हाती देतं काय पोरीले? भगताकडे नेऊ. हाड तोच बसवते.'

हा भगत मला माहीत आहे. म्हणजे त्यानं बांधलेले हात माहीत आहेत, महिन्याभरानं माझ्याकडे येतात, वाकडे जुळलेले, कधी बोटं काळी पडलेली. मी म्हटलं, 'बाई, आधी फोटो काढू द्या. मग कुठंही न्या.' आणि सवयीनं पुष्पांजलीला विचारलं, पोरीला धरायला आत थांबणाऱ्या प्रत्येक बाईला विचारावंच लागतं, 'दिवस गेलेत का तुला?'

तिचा हात पोटावर गेला. 'तुम्हाले कसं समजलं?' ती कुजबुजली. 'मी अजून घरीबी नाही सांगतलं.' सासूनं तिच्याकडे वळून बघितलं. मला हसावं की रडावं कळेना. भिंतीवर हाच प्रश्न लाल अक्षरांत लिहिलेला होता, पण भिंतीकडे कोण बघतं.

'मग तुला आत थांबता येणार नाही,' मी म्हटलं. 'पोटातल्याला बाधतं. रेणूला माझ्याजवळ दे.'

ती खाली बसली. फरशीवरच, पोरीला घेऊन. 'ताई, आमचं काही चुकलं असन तर माफ करा. पण जे केलं ते उतरवा. पोरीवरचं उतरवा, पोटातल्याले सोडा. तुमच्या पाया पडतो.'

'मी काही केलं नाही गं,' मी म्हटलं. माझ्या तोंडातून हे वाक्य निघालं आणि मला स्वतःलाच ते ऐकवेना, इतकं ते जुनं होतं. पुष्पांजलीनं मान हलवली. मनकर्णाबाईनं पोरीचा चांगला हात धरला आणि निघायला लागली. रेणू किंचाळली. आता खरं बोलत बसावं तर पोर भगताकडे जाते. तिचा हात, तो चिमुकला, अजून धड पेन्सिलही न धरलेला हात, महिन्यानं वाकडा होऊन माझ्यासमोर टेबलावर पडेल आणि मी तिला म्हणेन, हलू नको बाळा. मी थकले होते. खरंच सांगते, त्या क्षणी मी कुठलाही मोठा विचार केला नाही.

'थांबा,' मी म्हटलं. 'उतरवते.'

मनकर्णाबाईनं पोरीचा हात सोडला. मी दार लोटलं. रेणूच्या डोक्यावरून हात फिरवला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि पुटपुटले. काय पुटपुटले? सहा महिने शिकलेलं एक अक्षर आठवेना. मी मशीनचं माप पुटपुटले, पन्नास केव्ही, चार एमएएस, लहान मुलाच्या हाताला लागतं ते. मग पुष्पांजलीच्या पोटासमोरून हात फिरवला आणि हवेत झटकला. 'झालं,' म्हटलं. 'गेलं सगळं. आता बाहेर थांबा, आणि फोटो झाला की डॉक्टर सांगतील ते प्लास्टर घालायचं. प्लास्टर काढलं तर परत येईल.' हे शेवटचं कुठून सुचलं देव जाणे. मनकर्णाबाई, जी गल्लीत कुणाचं ऐकत नाही, ती हात जोडून उलट्या पावली बाहेर गेली.

रेणू माझ्याजवळ शांत राहिली. तिला मी चेटकीण नव्हते, मावशी होते. हाड पूर्ण तुटलं नव्हतं, ओली काडी वाकते तसं वाकलं होतं. प्लास्टर झालं. जाताना पुष्पांजलीनं माझ्या पायांना हात लावला, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. ज्या घरानं आमचा चहा नाही घेतला त्या घरची सून वाकली होती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मला थकवा जाणवला नाही. हात गरम झाले होते, पाठ ताठ झाली होती. सहा महिने मीठ-पाण्यात बसून जे झालं नाही ते एका खोट्यानं झालं होतं. शिकण्याचा उपयोग असतो तो हा, असं वाटलं. आणि लगेच त्या बरं वाटण्याची इतकी शिसारी आली की मी डबा तसाच बंद केला.

घरी आले तर आईला अर्धं कळलं होतं. गल्लीत बातमी पायी येत नाही. ती मेथी निवडत होती. 'काय म्हणून राह्यले वं लोकं?' तिनं विचारलं. 'मी तर त्यायले चांगलं खडसावलं. म्हटलं, माही लेक पौर्णिमेची वंदना करते, करणी कोणाले म्हणता?'

मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं. सगळं. वंदना नव्हती हे, मीठ, सुरी, ती मोबाइलमधली बाई, तिकडच्या बायका स्वतःला काय म्हणवतात ते, आणि दुपारचं. आईचे हात काड्या मोडत राहिले, पानं एकीकडे, काड्या एकीकडे. मग तेही थांबले.

'ते वंदना नव्हती?' तिनं इतकंच विचारलं. तिला सर्वांत जास्त तेच लागलं होतं.

'नव्हती आई.'

'आन् तू म्हटलं, मी उतरवलं म्हणून.'

'नाहीतर पोरीला भगताकडे नेत होते.'

'बरोबर केलं,' ती म्हणाली. 'पोरीसाठी बरोबर केलं. पण आता तू कबूल झाली वं सारे. चांगुणाबाईचे दात गेले, पण ती कबूल नाही झाली.' तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, असतं तर बरं झालं असतं. तिनं मेथीची परात बाजूला सरकवली, भिंतीला धरून उठली आणि माझा दंड पकडला. 'चाल. प्लास्टर झालं ना? आता काय ते प्लास्टर तोडून भगताकडे नाही नेणार. सांग त्यायले खरं. माह्यासमोर सांग.'

उन्हं उतरली होती, गल्लीत बायका दारादारांत बसल्या होत्या. आम्ही जाताना बोलणं बंद पडत गेलं. मला जायचं नव्हतं. भीती तर होतीच, पण त्याहून वाईट म्हणजे ते दुपारचं बरं वाटणं अजून अंगात कुठेतरी होतं आणि ते सोडवत नव्हतं. उद्यापासून पुन्हा श्वास घ्या, रोखून धरा. पुन्हा कुणाचीही सोय होऊन राहायचं. पण आईची बोटं दंडात रुतली होती.

पुष्पांजलीनं दार उघडलं आणि लगबगीनं पदर डोक्यावर घेतला. आत रेणू खाटेवर, प्लास्टरवर पेनानं रेघा मारत बसली होती.

'पुष्पांजली,' मी म्हटलं, 'दुपारी मी खोटं बोलले. मी काही उतरवलं नाही, कारण काही केलंच नव्हतं. तुझ्या पोटाचं मी दवाखान्याचा नियम म्हणून विचारलं, सगळ्यांनाच विचारते. मले काही येत नाही.'

तिनं माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, मग माझ्या खांद्यावरून गल्लीतल्या बायकांकडे. तिच्या चेहऱ्यावर एकदम सगळं समजल्याचा भाव आला. तिनं हात जोडले, आवाज खाली आणला.

'हाव ताई,' ती म्हणाली. 'समजलं. आम्ही कोणालेच नाही सांगत.'

'अगं खरंच. मले काहीच येत नाही.'

'हाव ना ताई. नाही येत. कोणी विचारलं तं आम्हीबी तेच सांगू.' ती जोरजोरात मान हलवत होती.

मी आईकडे वळले. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं माझा दंड सोडला नाही.

'अजून एकदा सांग,' आई म्हणाली.